सातव्या महिन्यात ओ देऊ नये

हूवेइ गावात साखर कारखान्याच्या रस्त्यावर च्येन मू-ह्वोचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चांद्र पंचांगातला सातवा महिना लागला की त्या दुकानात एक कायदा लागू होतो. गिऱ्हाइकाने मागून हाक मारायची नाही. मू-ह्वो टेबलाकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून बसतो. त्यामुळे महिनाभर गिऱ्हाइकांना वायरींच्या भेंडोळ्यांतून, उघड्या पडलेल्या प्रिंटरांना ओलांडत, पोट आत ओढून, टेबलाला वळसा घालावा लागतो आणि थेट त्याच्या नाकासमोर जाऊन उभं राहावं लागतं. टेबलच फिरवून ठेवा, हे त्याच्या बायकोने, श्यू-मानने, लग्नापासून सांगून पाहिलं. पण टेबल फिरवलं तर पंख्याचं वारं कुठून लागणार, हा त्याचा प्रश्न एकतीस वर्षं तसाच लोंबकळत होता.

सातव्या महिन्यात खालच्या लोकाची दारं उघडतात आणि तिकडची मंडळी वर फिरायला येतात. त्यांचं खरं नाव या महिन्यात कुणी तोंडातून काढत नाही, आदराने 'भाऊमंडळी' म्हणतात. आता पाहुणा म्हटला की हाका मारणारच. भाऊमंडळी मागून नावाने हाक मारतात, आणि जो वळतो, जो ओ देतो, त्याला बरोबर घेऊन जातात. म्हणून हूवेइतली शहाणीसुरती माणसं महिनाभर ठार बहिऱ्यासारखी वागतात. ज्यांना उधारी मागायला लोक मागे लागतात, त्यांना हा महिना विशेष आवडतो.

मू-ह्वोचा यावर विश्वास होता का? एकसष्ट वर्षांचा विजेचा माणूस तो. असल्या गोष्टी मानणं त्याला शोभलं नसतं. पण आयुष्यात इतके शॉक खाल्ल्यावर दिसत नाही ते नसतंच, असं म्हणायची त्याची छाती उरली नव्हती. शिवाय त्याच्या खात्यात एक जुनी हाक होती. तिला त्याने ओ दिलेली नव्हती.

चौदाव्या वर्षी बापाने त्याला ल्याव गुरुजींच्या बाहुली-नाटक मंडळीत शिकायला ठेवलं होतं. हातमोज्यासारख्या बाहुल्या घालून हात वर करायचे आणि देवळाच्या अंगणात देवांना नाटक दाखवायचं. गुरुजी पडद्यामागे एका स्टुलावर बसून एकटे चाळीस जणांचे आवाज काढत. सम्राट, दरोडेखोर, विधवा, भिक्षू, सगळे एका गळ्यातून निघत. वेळ पडली तर घोडासुद्धा. मू-ह्वोच्या हातात मात्र राजकन्या गेली की ती बदकं विकायला निघाल्यासारखी चाले. त्याचा जीव रमे तो भोंग्यात आणि तारांत. तीन वर्षं त्याने गुरुजींच्या शिव्या खाल्ल्या. मग सतराव्या वर्षी, सातव्याच महिन्यात, भर नाटकात, दोन प्रवेशांच्या मध्ये त्याने पिशवी उचलली आणि थायचुंगला जाणारी चारची बस गाठली. रेडिओ दुरुस्ती शिकायला. देवळाच्या कमानीपाशी असताना मागून गुरुजींचा आवाज आला होता, त्यांच्या स्वतःच्या गळ्यातला.

"मू-ह्वो! ए मू-ह्वो!"

सातवा महिना होता. नियम सोयीचा होता. तो वळला नाही.

अकरा वर्षांनी त्याने गावात परत येऊन दुकान टाकलं, तेव्हा गुरुजी एक भोंगा काखेत मारून आले, टेबलाला वळसा घालून समोर उभे राहिले, म्हणाले, "हा खोकतोय, बघ जरा." त्या दिवसाबद्दल तेही बोलले नाहीत आणि हाही. पुढची कितीतरी वर्षं दोघं मिळून नेटाने त्या विषयावर बोलले नाहीत.

आणि आता गुरुजींना जाऊनही सहा वर्षं झाली होती.

सातव्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी सकाळी अकराला सू-ल्वान दुकानात आली. गुरुजींची मुलगी, चौपन्न वर्षांची, आता मंडळीची मालकीण. ती वळसा घालून मू-ह्वोच्या नाकासमोर आली आणि म्हणाली,

"दादा, आबा दिसत नाहीयेत."

मू-ह्वोच्या हातातला पेचकस टेबलावर पडला. मग त्याला उमगलं की ती हार्ड डिस्कबद्दल बोलतेय.

त्या घरात हार्ड डिस्कला आबाच म्हणत. दहा वर्षांपूर्वी गुरुजींचा गळा बसू लागला, तेव्हा मू-ह्वोनेच त्यांना मागच्या खोलीत बसवलं, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि एकोणीस नाटकं त्यांच्या आवाजात उतरवून घेतली. तेव्हापासून सू-ल्वान बाहुल्या नाचवे आणि आवाज डिस्कमधून येई. गुरुजी गेले तरी नाटकं थांबली नाहीत. गुरुजींना स्वतःला मात्र एकच धास्ती होती, नदीपलीकडची नाटकमंडळी आपला आवाज चोरतील. म्हणून त्यांनी हट्टाने डिस्कला कुलूप घालून घेतलं. पासवर्ड टाकताना मू-ह्वोला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, वर स्वतःचा तळहात आडवा धरला. ते कुलूप विनापासवर्ड उघडत असे ते फक्त त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, कारण किल्ली त्या एकट्याच्या पोटात साठवलेली होती. पासवर्ड गुरुजी बरोबर घेऊन गेले.

आणि त्याच कॉम्प्युटरला आता डिस्क दिसत नव्हती. नाटक दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, देवळाच्या अंगणात होतं, भाऊमंडळींच्या मेजवानीत. माणसांचं नाटक असतं तर उद्या या म्हणता आलं असतं. हे प्रेक्षक वर्षातून एकदा येतात आणि नाराज होऊन गेले की वर्षभर लक्षात ठेवतात.

"तूच म्हण ना संवाद," मू-ह्वोने सहज म्हणून पाहिलं.

सू-ल्वानने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पेचकस उचलायचं निमित्त काढून मान खाली घातली. सहाव्या वर्षापासून ती पडद्यामागे होती. तिच्या हातांसारखे हात अख्ख्या जिल्ह्यात नव्हते. पण बाईमाणसाचा आवाज मंचावर नको, असं म्हणून गुरुजींनी तिच्या तोंडून आयुष्यात एक शब्द बाहेर येऊ दिला नव्हता.

"हात माझे आहेत, तोंड आबांचं," ती म्हणाली. "ते गेलं तर मंडळीला टाळं लावायचं. आणि मला आबांचा आवाज परत ऐकायला मिळायचा नाही, ते वेगळंच."

बस स्थानकाजवळच्या चकचकीत दुकानातल्या तरुणाने फोनवर फोटो बघूनच इलाज सांगितला होता म्हणे. सगळं पुसून कॉम्प्युटर नव्याने भरा. ती हो म्हणणारच होती. कॉम्प्युटर पुसला की किल्ली गेली. किल्ली गेली की एकोणीस नाटकं आत, आपण बाहेर.

कॉम्प्युटर इकडे घेऊन ये, म्हणाला तर तेही जमणार नव्हतं. तिने घरच्या नाट्यदेवतेपुढे कौल लावला होता. लाकडी चंद्रकोरींचा जोड जमिनीवर टाकून विचारलं, दुकानात नेऊ का? देव तीनदा नाही म्हणाला.

"आणि मधे एकदा हसला," सू-ल्वान म्हणाली. दोन्ही कोरी उताण्या पडल्या की देव हसला असं धरतात.

"कुणाला?"

"ते नाही सांगितलं."

मू-ह्वोने स्कूटर काढली.

ल्यावांच्या पुढच्या खोलीत त्याला जायला नको वाटे. दांडीवर दोनेकशे बाहुल्या टांगलेल्या, आणि सातवा महिना म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर लाल फडक्याची पिशवी चढवलेली. कोणी आत शिरून डोळ्यांतून बघू नये म्हणून. त्यामुळे खोलीत शिरलं की शिक्षेला उभ्या असलेल्या शाळेत आल्यासारखं होई. कोपऱ्यात कॉम्प्युटर, आणि त्याच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट. या बेटावर कारखान्यांपासून इस्पितळांपर्यंत प्रत्येक यंत्रावर ते ठेवलेलं सापडेल. खाऊचं नावच 'गुणी बाळ' अशा अर्थाचं आहे. यंत्राने गुणी बाळासारखं वागावं म्हणून ते ठेवतात. पाकीट हिरवंच हवं, फोडायचं नाही, आणि तारीख उलटू द्यायची नाही.

मू-ह्वोने पाकीट उचलून तारीख पाहिली. पाच वर्षांपूर्वी उलटली होती.

"सू-ल्वान, अगं मग हे यंत्र बिघडणार नाही तर काय करेल?"

"आबांनी ठेवलेलं आहे."

त्याने खिशातून आणलेलं ताजं पाकीट जुन्याच्या शेजारी ठेवलं. इतकी वर्षं हा धंदा केल्यावर दुरुस्तीची पहिली पायरी कोणती ते त्याला कळत होतं.

मग त्याने डिस्क जोडली. टु-डुंग. कोणीतरी आल्याची वर्दी कॉम्प्युटरने दिली. डिस्कवरचा निळा दिवा लुकलुकला, आत काहीतरी हलकेच फिरू लागलं. स्क्रीनवर मात्र कोणी नव्हतं.

त्याने डिस्क काढून दुसऱ्या भोकात लावली. टु-डुंग, आणि कोणी नाही. मागच्या बाजूच्या भोकात लावली. वायर बदलली. कॉम्प्युटर बंद करून, दहापर्यंत मोजून, पुन्हा चालू केला. दर वेळी दार वाजायचं, पावलं आत यायची, आणि खोली रिकामीच. मग त्याने डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावली. तिथे ती लगेच दिसली, अंगावर कुलूप घेऊन. पासवर्ड काय, लॅपटॉपने नम्रपणे विचारलं. सू-ल्वानने आईची जन्मतारीख टाकली. मग देवाची. मग नदीपलीकडच्या मंडळीच्या म्हाताऱ्याला आबा द्यायचे ती शिवी. कुलूप हललं नाही. पण एक कळलं. आबा शाबूत होते. त्यांचं स्वतःचं घरच त्यांना ओळख दाखवत नव्हतं.

डिस्क टेबलावर काढून ठेवली असताना कॉम्प्युटर पुन्हा वाजला. टु-डुंग.

दोघांनी डिस्ककडे पाहिलं. वायर तिच्याभोवती गुंडाळलेली होती. थोड्या वेळाने पुन्हा वाजलं, या वेळी उलट, कोणी निघून जाताना वाजतं तसं. मग पुन्हा आल्याचं.

"वायर सैल असेल," मू-ह्वो म्हणाला.

"कुठली?"

तो टेबलाखाली घुसला. खाली घुसायला त्याला आनंदच झाला, कारण तिथून बाहुल्या दिसत नव्हत्या. आणि वायर खरंच सैल होती. भोंग्याचा आवाज कमीजास्त करायचं एक नवं यंत्र सू-ल्वानने या महिन्यात घेतलं होतं, त्याची. मू-ह्वोने ती दाबून बसवली. टु-डुंग थांबलं. तरी सू-ल्वान तोवर तीन उदबत्त्या लावून मोकळी झाली होती, आणि त्याने तिला अडवलं नाही.

मग त्याने शेवटचा उपाय काढला. कॉम्प्युटरला आजवर जे जे म्हणून जोडलं गेलं, त्या सगळ्यांची यादी त्याच्या पोटात असते. आता जोडलेली नावं ठळक दिसतात. कधीकाळी येऊन गेलेली, आता नसलेली फिकट, राखाडी. धंद्यातले लोक त्या फिकट नावांना एका शब्दाने ओळखतात. तो शब्द या महिन्यात उच्चारायची सोय नव्हती.

"ही पुसट कोण?" सू-ल्वानने खांद्यामागून विचारलं.

मू-ह्वोने घसा खाकरला. "ही... ही या कॉम्प्युटरची भाऊमंडळी."

तिने हात जोडले. तो एकेक फिकट ओळ पुसत गेला. कुठला जुना प्रिंटर, कुणाचा कॅमेरा, आठ वर्षांपूर्वीचा कुठला पेन ड्राइव्ह. मग एक ओळ आली ती गुरुजींच्या मायक्रोफोनची. त्यावर शेवटी वापरल्याची तारीख होती. ते गेले त्याच्या आदल्या आठवड्यातली. मू-ह्वोचं बोट तसंच वर राहिलं. त्याने ती ओळ सोडून दिली आणि पुढे पुसत गेला. उपयोग शून्य. डिस्क लावली, टु-डुंग, कोणी नाही.

दोन वाजले. डोंगराकडून ढग चढत होते आणि खोलीत भर दुपारी संध्याकाळ झाली होती. मू-ह्वो हात मांडीवर टाकून बसला. सतरा वर्षांचा असताना त्याने या घराला काही न सांगता पाठ फिरवली होती. आता एकसष्टाव्या वर्षी सू-ल्वानकडे तोंड करून सांगायला त्याच्याकडे एकच वाक्य होतं, 'मला जमत नाही', आणि ते त्याला उच्चारवत नव्हतं.

तेवढ्यात खांगकाका आले. देवळाच्या समितीवर खुर्च्यांचा कारभार त्यांच्याकडे. वय शहात्तर. खुर्च्यांबद्दल बोलायला त्यांना निमित्त लागत नसे. उद्या पहिल्या रांगेत बारा खुर्च्या मोकळ्या ठेवायच्या की चौदा, एवढंच विचारायला ते आले होते. भाऊमंडळींच्या नाटकात पहिली रांग नेहमी त्यांचीच असते, तिथे माणसाने बसायचं नसतं. सू-ल्वान म्हणाली, चौदा ठेवा. यावर काका जायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी पंख्याखाली बूड टेकलं.

"गेल्या वर्षी काय झालं ठाऊक आहे ना? थायपेइचा एक पाहुणा. गर्दी बघून सरळ पहिल्या रांगेत जाऊन बसला, मधोमध. कोणाचा तरी जावई."

"उठवलं नाहीत?" मू-ह्वोने सभ्यपणा म्हणून विचारलं.

"कसं उठवणार? त्या खुर्चीत जो बसलाय त्याच्याकडे बघायचंच नसतं. चहावाली आली, त्याला टाळून पुढे गेली. मी खायला भाजलेल्या बिया वाटत होतो, मीही त्याच्या डोक्यावरून मागच्या रांगेत दिल्या. बिचारा हात हलवतोय, अहो म्हणतोय, हाक मारतोय. सगळं अंगण बहिरं. शेवटी रडकुंडीला आला. तेव्हा कुठे सासू ओरडली, खुर्ची चुकली रे तुझी, दुसरी घ्यायची. खुर्ची बदलली आणि लगेच..."

मू-ह्वो उठून उभा राहिला होता.

कॉम्प्युटर येणाऱ्या प्रत्येकाला एक अक्षर देतो. तेच अक्षर म्हणजे त्याची खुर्ची. डिस्कची खुर्ची कायम ई. पण या महिन्यात ते आवाजाचं नवं यंत्र आलं, त्याच्या पोटातही थोडीशी साठवण होती, आणि ते ई वर जाऊन बसलं. मग डिस्कला मिळाली पुढची, एफ. आणि एफ कुणाची होती ते स्क्रीनवर सकाळपासून त्याच्या डोळ्यांसमोर होतं, लाल फुली मारलेलं: 'गुरुजींची खोली'.

दहा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच केलं होतं ते. मागच्या खोलीतल्या गुरुजींच्या कॉम्प्युटरपासून पुढच्या खोलीपर्यंत एक तार टाकली होती, आणि ती जागा गुरुजींसाठी कायमची राखून ठेवली होती. गुरुजी गेले, तो कॉम्प्युटर बंद झाला, तार उंदरांनी खाल्ली. पण राखीव जागा कोणी मोडली नाही. सहा वर्षं ती लाल फुलीसकट रिकामी होती. आता डिस्क तिथे येऊन बसली होती, आणि त्या खुर्चीत जो बसलाय त्याच्याकडे बघायचं नाही, हे त्या कॉम्प्युटरला हूवेइतल्या कुठल्याही माणसाइतकंच पक्कं ठाऊक होतं.

"माझीच चूक," मू-ह्वो म्हणाला, आणि तिला खुर्च्यांच्याच भाषेत सगळं समजावलं. खांगकाकांना भलताच आनंद झाला. आपण काय दुरुस्त केलं ते त्यांना कळलं नव्हतं, पण आपण केलं एवढं कळलं.

"दोन रस्ते आहेत," मू-ह्वोने सांगितलं. "गुरुजींची जागा मोडायची. म्हणजे पुढे कधी घोळ नको. नाहीतर डिस्कला दुसरी खुर्ची द्यायची."

"पुढे घोळ होईल?"

"होऊ शकतो."

सू-ल्वान लाल फुलीकडे बघत राहिली. "त्यांची राहू दे," ती म्हणाली. "घोळ झाला तर तुम्हाला बोलावीन. तेवढीच तुमची फेरी होईल."

त्याने डिस्कला दूरची खुर्ची दिली, झेड. आता मध्ये कितीही पाहुणे आले तरी धक्का नको. टु-डुंग. आणि एकोणीस नाटकं ओळीने उभी राहिली. कुलूप आपोआप उघडलं, घरातलं माणूस बघून दार उघडावं तसं. सू-ल्वान खाली बसली आणि तिने रुमालाचं काम बाहुलीच्या लाल पिशवीकडून करून घेतलं.

उद्याचं नाटक पूर्ण वाजवून बघू, असं मू-ह्वोच म्हणाला. वाजवलं. बाहेर पाऊस कोसळायला लागला आणि आत सम्राट गरजला, विधवा रडली, घोडा खिंकाळला. पिशव्या चढवलेल्या दोनशे बाहुल्या गप्प ऐकत होत्या. खांगकाका डुलक्या काढत होते. शेवटचा ढोल वाजला. सू-ल्वानचा हात झटकन बटणाकडे गेला, पण मू-ह्वो मध्ये बसला होता.

ढोलानंतर शांतता. स्टूल करकरल्याचा आवाज. एक खोकला. आणि मग गुरुजी बोलले. कुठल्याही पात्राचा नव्हता तो आवाज, त्यांचा स्वतःचा होता.

"मू-ह्वो! ए मू-ह्वो!" थोडा वेळ काही नाही. मग हळू, "आहेस ना रे?"

मू-ह्वोने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. सातवा महिना होता. खांगकाका खाडकन जागे झाले आणि त्यांनी जमिनीकडे नजर लावली. डिस्कमधून दाराची कुरकुर आली, मग चपलांची फटफट. मग खट्ट. संपलं.

ते आवाज कुठले ते त्याला आठवलं. तेव्हा तो पुढच्या खोलीत बसे. नाटक संपलं की गुरुजी आतून हाक मारत, तो जाऊन यंत्र बंद करी. हाकही उतरत असेल, हे त्याच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"प्रत्येकाच्या शेवटी आहे," सू-ल्वान म्हणाली. "मी ढोलावरच बंद करते. एकोणीस वेळा हाक आहे, दादा. तुमची पावलं येतात. ओ एकदाही येत नाही."

मू-ह्वो स्कूटरवरून भिजत घरी गेला. श्यू-मानने विचारलं, झालं का काम? त्याने मान हलवली. जेवताना तिने त्याला दोनदा नावाने हाक मारली, तो समोरच बसलेला असूनही. दोन्ही वेळा तो दचकला.

दुसऱ्या दिवशी अंगण भरलं. टेबलांवर अख्खी डुकरं, अननस, भाताचे डोंगर, आणि लांबून आलेल्या भाऊमंडळींना तोंड धुवायला पाण्याची घमेली, नवे टॉवेल, कंगवे. पहिल्या रांगेत चौदा खुर्च्या रिकाम्या. पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर मंचामागे आणून ठेवला होता आणि मू-ह्वो त्याच्यापाशी बसला होता, कधीकाळी गुरुजींचं स्टूल असायचं तिथेच. घोळ झाला तर असावं म्हणून, असं त्याने सू-ल्वानला सांगितलं. तिने फक्त ढोलावर बंद करायची आठवण दिली. दोन्ही हातांत बाहुल्या असल्यावर तिला बटण दाबता आलं नसतं. एरवी ती ते पायाने दाबायची, आज तिथे मू-ह्वो होता.

नाटक रंगलं. तिची राजकन्या अशी चालली की मू-ह्वोला स्वतःची बदकवाली आठवून लाज वाटली. शेवटचा ढोल वाजला. त्याचं बोट बटणावर होतं. सू-ल्वानने वर केलेल्या हातांतून त्याच्याकडे पाहिलं.

बोट हललं नाही.

स्टूल करकरलं. खोकला आला. आणि देवळाच्या चारही भोंग्यांतून, कमानीपलीकडे जुन्या बसथांब्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात, गुरुजींनी हाक मारली.

"मू-ह्वो! ए मू-ह्वो!"

अख्खं अंगण खाली बघू लागलं. चहावाली किटली धरून जागीच थांबली. खांगकाकांनी डोळे मिटले. कोणी वळलं नाही, कोणी हललं नाही. चारशे माणसं बहिरी झाली होती.

"आहेस ना रे?"

"आहे, गुरुजी," मू-ह्वो म्हणाला. "आलो."

घोषणांसाठी ठेवलेला शेजारचा माइक चालू होता. ते सगळ्या गावाने ऐकलं. आणि त्याच्या मागोमाग भोंग्यांतून दार कुरकुरलं, चपलांची फटफट आली, कोणीतरी लगबगीने चालत जवळ येत गेलं. दहा वर्षांनी तरुण असलेला मू-ह्वो. खट्ट.

सू-ल्वानचे हात अजून वर होते. बाहुल्या एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. मग तिने दोघींना हळूच वाकवलं, पहिल्या रांगेकडे.

श्यू-मानने त्याला आठ दिवस डुकराचे पाय घातलेल्या लांब शेवया खायला घातल्या. घरावर आलेलं काही उतरवायचं असलं की त्याच करतात. गल्लीतल्या बायकांनी आणलेले ताईत गळ्यात घातले असते तर त्याला मान वर करता आली नसती. सकाळी दुकान उघडलं की कोणी ना कोणी रस्त्यापलीकडे उभं राहून त्याची सावली पडते का बघून जाई. महिना सरला, दारं मिटली. त्याला कोणी नेलं नाही.

टेबल त्याने फिरवलं नाही. पंख्याचा प्रश्न होताच. पण पुढच्या सातव्या महिन्यात बस स्थानकाकडची एक म्हातारी विसरून रस्त्यावरूनच हाक मारती झाली, आणि लगेच जीभ चावून वळसा घालायला निघाली. ती प्रिंटर ओलांडायच्या आतच टेबलाकडून, पाठमोरीच, ओ आली.